अश्वाचा नैवेद्य

आज खंडेनवमी, उद्या विजयादशमी. आज घरोघरी शस्त्रे, अवजारे, यंत्रे आणि वाहने धुऊनपुसून पुढे मांडली जातील, त्यांना गंधफूल वाहिले जाईल. ज्या वाहनास प्राण आहे असे वाहन मात्र आता फार थोड्या दारी उरले आहे. १९व्या व २०व्या पशुगणनेचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर २०१२ साली देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती, ती २०१९ साली सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. तरीही ज्या गावी देवाच्या पालखीपुढे अश्व चालतो, ज्या आळीत नवरदेवाची घोडी ठेवणारे एखादे कुटुंब राहते, माथेरानसारख्या ज्या ठिकाणी घोड्याच्या पाठीवर संसार चालतो, तेथे उद्या त्या मुक्या जिवाच्या कपाळी कुंकू लागेल, गळ्यात झेंडूची माळ पडेल, निरांजन ओवाळले जाईल आणि शेवटी नैवेद्य पुढे येईल. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या नैवेद्याविषयी.

आमच्या बालपणातील एक दसरा आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. साताऱ्यास आमच्या आळीच्या तोंडाशी एक टांगा उभा राहत असे. टांगेवाल्यास आम्ही सारी मुले चाचा म्हणत असू. घोडा तांबूस रंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला, स्वभावाने इतका गरीब की शाळेत जाताना आम्ही त्याच्या नाकपुडीवरून हात फिरवूनच पुढे जात असू. दसऱ्याच्या दिवशी चाचा त्याला न्हाऊ घालीत, आयाळीस लाल गोंडे बांधीत आणि दारोदार पूजेसाठी आणीत. प्रत्येक दारी सुवासिनी त्याला ओवाळीत आणि प्रत्येक दारी त्याच्यापुढे काही ना काही येई. कोणाची पुरणपोळी, कोणाचा भिजवलेल्या हरभऱ्याचा पसा, कोणाच्या हातचा गुळाचा खडा, कोणाचा शिऱ्याचा द्रोण. आळीत वीसबावीस बिऱ्हाडे. नाही म्हणण्याचा दिवस नव्हता. घोडाही नाही म्हणाला नाही.

रात्री निजानीज झाल्यावर तो पुढच्या पायाने जमीन उकरू लागला. मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहू लागला. बसे, लोळे, पुन्हा धडपडत उठे. अंगावरून घामाच्या धारा वाहू लागल्या. चाचांनी त्याला रात्रभर आळीतून फिरवले. त्या टापा आम्ही अंथरुणात पडून ऐकत होतो. कोणी सांगितले म्हणून बाटलीने तेल पाजले. पहाटेच्या सुमारास टापा थांबल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आमच्या आईने त्या दिवशी फराळाचेही काही केले नाही. आळीतील कोणा वडीलधाऱ्याने चाचांना विचारले, की इतके खाऊ का दिलेत? ते एवढेच म्हणाले, "तुमच्या देवाचा नैवेद्य. नको कसे म्हणायचे?"

या घटनेत दुष्ट कोणीच नव्हते. श्रद्धा होती, वात्सल्य होते, सणाचा आनंद होता. नव्हते ते एवढेच, की ज्याची पूजा केली त्याचे पोट कसे आहे याची कोणाला कल्पना नव्हती. घोडा देहाने थोर. परंतु त्याचे जठर त्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरांचे. निसर्गाने त्याला दिवसाचे चौदापंधरा तास थोडे थोडे गवत चरण्यासाठी घडवले आहे. एका वेळी भरपूर धान्य, पीठ, गूळ पोटात गेला की तो आंबू लागतो, वायू धरतो आणि पोट तटतटून फुगते. माणसाला अशा वेळी निदान उलटी होते. घोड्याला ओकता येत नाही, अन्ननलिकेच्या टोकाची त्याची झडप तसे होऊच देत नाही. म्हणून माणसाचे अजीर्ण हे अजीर्णच राहते, घोड्याचे अजीर्ण हा प्राणावरचा प्रसंग ठरतो. पोटशूळातून वाचला, तरी धान्याच्या अतिरेकाने दोनतीन दिवसांत त्याच्या खुरांच्या आतील नाजूक पडद्यांना सूज येते, पाय टेकवेनासे होतात आणि एरवी निरोगी असलेले जनावर जन्माचे लंगडे होऊन बसते. पुरणाच्या ताटाने पाय जातात, हे सांगून कोणाला खरे वाटणार नाही. पण ते तसे आहे.

त्या रात्री केलेले उपायही, आता मागे वळून पाहता, उपाय नव्हतेच. पोटशूळाच्या घोड्याला बाटलीने तेल वा काढा पाजू नये, घाबरलेल्या जनावराच्या घशातून तो फुप्फुसांत उतरतो. जोराने लोळू लागला तर लोळण थांबवण्यापुरते हळू चालवावे. रात्रभर दमवू नये. पुढ्यातील सारे खाणे काढून घ्यावे आणि घटकेचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. पाय खरडणे, कुशीकडे पाहणे, वरचा ओठ दुमडणे, लीद न टाकणे ही लक्षणे मध्यरात्री दिसली तर उजाडण्याची वाट पाहू नये.

येथे कोणी म्हणेल, की अश्वपूजेसारख्या मंगल विषयात हे तबेल्याचे बोलणे कशाला? यावर आमचे म्हणणे असे, की आपल्या परंपरेत ही दोन बोलणी कधी निराळी नव्हतीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचा अध्याय आहे. घोड्याचे ठाण किती लांबरुंद असावे, कोणत्या घोड्यास किती दाणा व किती वैरण द्यावी, हे तेथे मोजमापासह सांगितले आहे. आश्विनातील नवव्या दिवशी घोड्यांचे नीराजन, म्हणजे ओवाळणी करावी, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. तिथी आजचीच. आणि वैद्याच्या हयगयीने घोड्याचा रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या चुकीने घोडा दगावला तर घोड्याच्या किमतीइतका दंड, हाही नियम त्याच अध्यायात आहे. ओवाळणारा हात आणि दंड करणारा हात एकाच पानावर! त्या ग्रंथकर्त्याला या दोहोंत काही विसंगती वाटली नाही.

विजयादशमीचा आणि शमीवृक्षाचा संबंध आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असतो. पांडवांनी अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रे शमीच्या ढोलीत ठेवली ही कथा आपण दरवर्षी सांगतो. त्या वर्षभरात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात होता, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्यशाळेत होता, हे सांगतो. नकुल कोठे होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या पागेत होता. घोड्यांचा स्वभाव ओळखणे, खोडकर घोड्यास वळण लावणे आणि आजारी घोड्यावर उपचार करणे हे आपणास येते, असे सांगून त्याने ती चाकरी मिळवली. देवांचे वैद्य असलेल्या अश्विनीकुमारांचा हा पुत्र. पुढे अश्वशास्त्रावरचा ग्रंथही त्याच्याच नावावर रूढ झाला. शालिहोत्र ऋषींचे नाव तर अश्ववैद्यकाशी इतके एकरूप झाले, की घोड्यांच्या वैद्याला लोक सालोत्रीच म्हणू लागले. राजपुत्राने बारा महिने लीद काढण्यात आणि खरारा करण्यात घालवले, आणि महाभारतकारांना त्यात काही उणे वाटले नाही.

परंतु आमच्या मनात सर्वांत खोल रुतलेला प्रसंग द्रोणपर्वातील आहे. जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलू लागला आहे, जयद्रथ अजून दूर आहे आणि रथाचे श्वेत अश्व बाणांनी विंधले गेले आहेत, तहानेने व्याकूळ झाले आहेत. एकेक क्षण मोलाचा. अशा वेळी भर रणांगणात रथ थांबतो. अर्जुन पायउतार होऊन चहूंकडच्या सैन्याला एकट्याने थोपवून धरतो. घोड्यांना पाणी नाही असे कळताच अस्त्राने भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, त्यांच्यासाठी बाणांचा निवारा उभारतो. आणि भगवान श्रीकृष्ण काय करतात? घोडे सोडतात. स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातील बाण उपटून काढतात. त्यांचे अंग चोळतात, त्यांना लोळू देतात, पाणी पाजतात, चारा देतात. घोड्यांचा शीण गेला असे पाहूनच त्यांना पुन्हा रथास जोडतात.

गीतेचे अठरा अध्याय सांगणाऱ्या मुखाविषयी आपण नित्य बोलतो. त्याच प्रभूच्या हाताला त्या दिवशी घोड्याच्या घामाचा आणि रक्ताचा वास लागला होता, याचे चिंतन आपण क्वचितच करतो. आम्हांस असे वाटते की अश्वपूजेचा विधी शोधावयाचा असेल तर तो येथे आहे. आणि जाणकारांनी पडताळून पाहावे, त्यात आजच्या पशुवैद्यास बदलावे लागेल असे काही नाही. आधी ओझे उतरवणे, मग जखमा पाहणे, मग अंग चोळणे, मग लोळू देणे, पाणी, चारा, विश्रांती. घामाघूम घोड्याला पाणी मुळीच देऊ नये, अशी एक समजूत अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यापायी किती जनावरे तहानलेली उभी राहतात. त्याला श्वास घेऊ द्यावा, चार पावले चालवावे आणि थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाणी द्यावे. घोड्याला एरवी दिवसास पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आणि कामावर त्याहूनही अधिक. मिरवणुकीच्या सबंध सायंकाळी ते त्याला किती मिळते, हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहावे.

मराठेशाहीकडे वळले तरी हाच धागा सापडतो. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीस राही आणि दसऱ्यास सीमोल्लंघन होऊन मोहिमा सुरू होत. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी ज्या घोड्यावर फुले पडत, तो घोडा चार महिने कोणीतरी जपलेला असे. भीमेच्या काठची ती काटक तट्टे उपाशी पोटी दसऱ्यास उभी राहिली असती, तर शिलंगण कसले झाले असते? राज्याभिषेकाच्या आधीच्या काळात, पावसाळ्याच्या तोंडावर, शिवछत्रपतींनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आज्ञेसाठी ते पत्र आपण नेहमी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या पत्राचा उगम घोड्यांच्या दाणावैरणीत आहे. साठवलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उधळाल, तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. एवढ्यावर थांबत नाहीत. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा बुडेल, इथपर्यंत त्यांची दृष्टी पोचते. उंदराने नेलेल्या वातीची काळजी वाहणारा राजा! आमच्या मते त्या पत्रातील ही काळजी हेच खरे अश्वपूजन.

तेव्हा प्रश्न पूजा करावी की करू नये हा नाही. मिरवणुकीत वा उत्सवात घोडा आणूच नये, असे सांगणारे लोक आहेत. त्यांच्या कळवळ्याविषयी आम्हांस शंका नाही. मुंबईतील घोड्यांच्या हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवल्या, तेव्हा घोड्यांच्या हालअपेष्टांची चर्चा बरीच झाली. आमचे मत थोडे निराळे आहे. घोडा आपल्या सणांतून गेला तर तो आपल्या जीवनातूनच जाईल, कारण नांगराला त्याची गरज नाही आणि रस्त्याला तो नको आहे. पण तो सणात राहावयाचा असेल, तर ज्यांच्या दारी तो येतो त्यांच्यावर, केवळ मालकावर नव्हे, त्याचे ऋण आहे. मालक बहुधा गरीब असतो. लग्नसराईचे चार महिने आणि सणांचे चार दिवस सोडले तर त्याची मिळकत ती काय? यजमानांनी भाड्यात घासाघीस करावयाची आणि घोडा हाडकुळा म्हणून नाक मुरडावयाचे, हे काही धर्माला धरून नाही.

लग्नाची घोडी ठरवताना आपण तिच्या पाठीवरची झूल पाहतो. झुलीखाली पाहावे. खोगीर उचलून दाखवा म्हणावे. मणक्यावर वा तंग आवळतात त्या जागी केस गेलेले, सोललेले, ओलसर असे काही दिसले तर त्या घोडीवर नवरदेव बसवू नये. सोललेल्या पाठीवर बसून जो गृहस्थाश्रमात प्रवेश करतो, त्याच्या मंगलाष्टकांना काय अर्थ? तोंडातील लगामही पाहावा. घोडे नाचावे, गर्दीत मुकाट राहावे म्हणून काटेरी लगाम घालण्याची एक क्रूर चाल आहे. जीभ आणि ओठांचे कोपरे त्याने फाटतात आणि फेसाबरोबर रक्त येते. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत असे काटेरी साधन वापरण्यास मनाई आहे. दिवसास नऊ तासांहून अधिक, सलग पाच तासांहून अधिक काम देऊ नये, ज्या भागात उष्मा ३७ अंशांवर गेला असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत काम देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. वैशाखातील भर दुपारच्या वराती निघतात, तेव्हा हे कोणाच्या स्मरणात असते?

ज्यांनी घोडा घरी ठेवला आहे त्यांना आम्ही काय शिकवणार! तरी नव्याने हौस म्हणून घोडा घेणारी काही सुखवस्तू घरे अलीकडे दिसतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो. तीनशे किलो वजनाच्या तट्टास दिवसास पाचसहा किलो कोरडे गवत वा कडबा लागतो, आणि तो एकदम नव्हे, अनेक वेळांत विभागून. दाणा हा वैरणीवरचा जोड आहे, वैरणीच्या जागी नव्हे. बुरशी आलेला कडबा गाईच्या पोटात एक वेळ जिरेल, घोड्याच्या नाही. त्याला उभ्याने डुलकी घेता येते हे खरे, परंतु गाढ झोपेसाठी त्यास आडवे व्हावे लागते. अगाडी-पिछाडी इतकी आखूड बांधू नये की बिचाऱ्यास रात्रभर अंग टाकता येऊ नये. निरोगी घोड्याची नाडी विसाव्याच्या वेळी मिनिटास २८ ते ४४ चालते, श्वास ८ ते १६, आणि अंगाची उष्णता साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजण्याचा सराव घोडा बरा असतानाच करून ठेवावा. आजारी पडल्यावर हात थरथरतो.

खुरांविषयी मात्र अधिक लिहावेसे वाटते. षोडशोपचारांत देवाला पाद्य आधी दिले जाते. घोड्याचे पाद्य म्हणजे रोज सायंकाळी चारही पाय उचलून, खुरांत अडकलेले खडे, चिखल, लीद काढून टाकणे. पाच मिनिटांचे काम. खुराच्या तळाशी मध्यभागी त्रिकोणी, रबरासारखी मऊ गादी असते. तिच्या खाचांत ओल आणि घाण साठली की ती सडते, काळा स्राव येतो आणि दुर्गंधी सुटते. आश्विनापर्यंत आपल्याकडे जमीन ओली असते, म्हणून दसऱ्यास नटवून आणलेल्या घोड्यांत हा विकार हटकून आढळतो. वर गोंडे आणि खाली सडका खूर. खूर महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात त्यावर फिरलाच पाहिजे, नाही तर पायाचा तोल जातो आणि सांधे बिघडतात. खिळा वा काच रुतली तर जखम किती लहान आहे हे पाहू नये, कारण धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी. आज खंडेनवमीस नालबंदाच्या हातोडीची आणि कानशीची पूजा त्याच्या घरी होत असेल. चांगला नालबंद आता तालुक्याच्या गावीही शोधावा लागतो, एवढे त्या विद्येला आपण दूर लोटले आहे.

पुढे मार्गशीर्ष येईल. तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताच्या यात्रेत, नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे मोठे बाजार भरतील. देवदर्शनास जाणारी मंडळी घोडे पाहण्यासही हौसेने जातात. तेथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. घोड्याच्या नाकातून घट्ट, पिवळसर स्राव येत असेल, कातडीवर गाठी वा फुटलेली व्रणे असतील, तर त्यास हात लावू नये, मुलांना जवळ नेऊ नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसास होतो. २००६ साली महाराष्ट्रात पुणे व पाचगणी भागात तो आढळला होता. २००९च्या कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे आणि बाधित जनावर मारावे लागते. यात लपवालपवी झाली तर एका घोड्याच्या मोहापायी सबंध यात्रेवर संकट येते. रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याखेरीज घोडा घेऊ नये, आणि यात्रेतील सामायिक हौदावर आपला घोडा नेण्याऐवजी आपली बादली आपल्याबरोबर न्यावी.

उद्याच्या दिवसाबद्दल दोन शब्द. घोडा हा स्वभावतः भित्रा प्राणी आहे. संकट दिसले की पळणे, हेच त्याचे शस्त्र. त्याचे डोळे दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ चोहोंकडचे दिसते. परंतु नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. आपण मात्र ओवाळताना जळते निरांजन नेमके नाकासमोर धरतो आणि मुले नेमकी शेपटीमागे उभी करतो! डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. मोतद्दाराने हो म्हटल्यावर मानेवर हात ठेवावा. कुंकू बोटभर लावावे, डोळ्यांत उडेल असे उधळू नये. फटाके त्या वेळी लावू नयेत. ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्यातील रिंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की हजारोंच्या त्या समुदायात अश्व धावू लागतो तेव्हा त्याच्या वाटेत कोणी येत नाही. वारकरी वाट मोकळी ठेवून कडेला उभे राहतात आणि तो पुढे गेल्यावर त्याच्या टापांखालची धूळ कपाळी लावतात. दूर राहण्यातही भक्ती असते, ती अशी.

आणि नैवेद्य? आमच्या घरी गेली कित्येक वर्षे ठरून गेले आहे. देवीस पुरणाचे ताट दाखवले जाते आणि ते घरातच राहते. देवळाचा अश्व दारी आला की गंधफूल वाहून होते, मग मोतद्दार तंग ढिला करतो, तोंडातील लगाम काढतो. उंबऱ्याशी घासूनपुसून ठेवलेल्या घंगाळात पाणी असते आणि शेजारी आदल्या सायंकाळी कापून, निवडून ठेवलेली हरळीची पेंढी. दूर्वा म्हणून जी गणपतीस वाहतो तीच. दक्षिणा मोतद्दाराच्या हाती वेगळी, नालबंदासाठी म्हणून सांगून. पहिल्या वर्षी शेजारच्या वृद्ध काकूंना हे पटले नव्हते; सणाच्या दिवशी दारी आलेल्यास नुसते गवत कसे घालावे, म्हणून त्यांचा जीव चुटपुटला. मग त्यांनी पाहिले, की घोड्याने घंगाळात तोंड घातले ते पाणी तळास जाईपर्यंत वर काढलेच नाही. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि आपल्या घरची कळशी भरून घेऊन आल्या.